पाचव्या गोठ्यातली बादली

ग्वान शौशान माणसांशी बोलत नाही, असं आमच्या बायशीगौ गावात लहानथोर सगळे सांगायचे. खोटं आहे. माझ्याशी बोलायचा. अर्थात माझ्यासमोर गप्प बसलेला माणूसही चार गोष्टी बोलून गेल्यासारखा वाटतो, कारण त्याच्या वाटणीचं मीच बोलते.

मी हरणांच्या फार्मवर खुराक मिसळायच्या शेडमध्ये आहे, एकोणीस वर्षं झाली. मका भरडायचा, त्यात कोंडा, सोयाबीनची पेंड, मीठ मोजून घालायचं आणि पोती हातगाडीवरून गोठ्यांपर्यंत ढकलायची. माझा नवरा पूर्वी ग्वानच्या हाताखाली होता. मग तो बांधकामावर दालियान शहरात गेला. आता वसंतोत्सवाला, म्हणजे आमच्या नव्या वर्षाला, येतो, आठवडाभर झोपतो, हिवाळ्यासाठी आंबवलेला कोबी निम्मा संपवतो आणि परत जातो. त्याच्यामुळे ग्वान मला वहिनी म्हणायचा.

ग्वानची बायको शूचेन. सोलला एका खानावळीत भांडी घासायला गेली, दोन वर्षांत येते म्हणून. पहिल्या वर्षी दर रविवारी फोन, दुसऱ्या वर्षी सणासुदीला. तिसऱ्या वर्षी तो नंबर दुसऱ्याच कुणीतरी उचलला आणि कोरियनमध्ये खेकसला. एवढं ग्वाननं मला सांगितलं होतं, तेही शिंगं कापायच्या करवतीला धार लावता लावता. आमच्याकडे निम्म्या घरांत हीच कथा, त्यामुळे कुणी कुणाला विचारत नाही. मूलबाळ नव्हतं. त्यानं वरच्या आळीतलं घर बंद केलं आणि फार्मच्या फाटकाजवळच्या खोलीत येऊन राहिला. त्या खोलीत खांग होता, तो आमचा विटांचा तापवायचा ओटा, चौघं आडवे होतील एवढा. ग्वान फक्त चुलीकडचं टोक तापवायचा.

"सगळा तापवून काय करू?" म्हणायचा. "उरलेल्यावर लोळायला कोण आहे?"

हरणांपुढे मात्र त्याच्या तोंडाला खळ नसे. ठिपक्यांची साडेतीनशे हरणं, त्यातले दोनशे नर, आणि प्रत्येकाला काहीतरी सुनवायचंच. "काय रे, काल शेजाऱ्याला शिंग लावलंस ना? लाज आहे का?" "तू पुढे हो, तुझं पोट बघ आधी." एका नराचा कान लहानपणी कुंपणात अडकून फाटला होता. त्याला तो फाटकान्या म्हणायचा आणि त्याच्याशी सगळ्यात जास्त भांडायचा. गोठ्याच्या कोपऱ्यावर वळण्याआधी खोकायचं, मग हाक मारायची, मगच आत पाऊल टाकायचं, ही हरणवाल्यांची रीत. नाहीतर हरणं बुजतात, भिंतीवर आदळतात आणि मखमलीतलं कोवळं शिंग मोडतं. मोडलेलं शिंग कुणी औषधाला घेत नाही. सगळं वर्ष त्या शिंगासाठी तर असतं.

आणि त्याचं दुसरं राज्य म्हणजे काहील. एप्रिलमध्ये जुनी शिंगं गळून पडली की नवी फुटू लागतात, तेव्हापासून कापणीपर्यंत नरांना सोयाबीनचं दूध पाजायचं, हे आमच्या बापजाद्यांपासून चालत आलेलं. रात्रभर भिजवलेलं सोयाबीन पहाटे तीनला दळायचं, मोठ्या लोखंडी काहिलीत चढवायचं आणि तीनदा वर येऊन तीनदा खाली बसेपर्यंत उकळायचं. कच्चं राहिलं तर हरणाचं पोट फुगतं. ग्वाननं बत्तीस वर्षं हे केलं. मी नवी होते तेव्हा गावातल्या बायका पहाटे वाडगे घेऊन यायच्या, हरणांच्या आधी पोरांना गरम दूध मिळायचं, हसणं-खिदळणं चालायचं. मग पोरं शहरात गेली, त्यांच्यामागे आया गेल्या. शेवटी काहिलीपाशी तो एकटाच राहिला. माझ्या वाटणीचा वाडगा मात्र रोज शेडच्या खिडकीत ठेवलेला असायचा, वर ताटली झाकून. मी कधी आभार मानले नाहीत. आमच्यात तशी पद्धत नाही, आणि असती तरी मी मानले असते की नाही कोण जाणे.

मग एका वर्षी मार्चमध्ये ल्वान यिनिंग आली. जिल्ह्याच्या पलीकडच्या संशोधन संस्थेत शिकणारी, सव्वीस वर्षांची, थंडीनं नाक लाल झालेलं. तीन खोकी, एक वजनकाटा आणि एक जाडजूड वही. मॅनेजर थाननं तिला माझ्या शेडमध्ये आणून उभी केली. ग्वानही तिथंच पोतं उचलायला आला होता.

"मावशी, हे तुम्हाला मिसळायचं आहे," ती मला म्हणाली आणि खोकं उघडलं. आत पांढरट दाणे. मी वास घेतला आणि तोंड फिरवलं.

"अगं बाई! मुळा सडलाय का यात?"

"मेथिओनिन आहे. त्याला तसाच वास येतो. दुसऱ्या खोक्यात लायसिन."

"आणि हे खाऊन काय होणार? हरणं पळून जातील कोरियाला."

बोलून गेले आणि जीभ चावली. ग्वाननं ऐकलं नसल्यासारखं केलं.

ल्वान पोरगी हुशार. तिनं मला पुस्तकी काही सांगितलं नाही. म्हणाली, "मावशी, तुम्ही च्याओझ करता ना? पाऱ्या लाटून ठेवल्यात शंभर आणि सारण आहे चाळिसाचं. मग आणखी पाऱ्या लाटून उपयोग काय?"

"उरलेल्या पाऱ्या वाया."

"तसंच आहे. आपण हरणाला ढीगभर पेंड घालतो, प्रथिनं म्हणून. त्यातल्या दोनच गोष्टी त्याला कमी पडतात. बाकीचं मूत होऊन ओढ्यात जातं, म्हणून तर खालच्या गावाची तक्रार आहे. त्याऐवजी पेंड कमी करायची आणि त्या दोन गोष्टी तेवढ्या वरून द्यायच्या. शिंग तेवढंच आलं पाहिजे."

"आणि नाही आलं तर?" ग्वाननं विचारलं. तो पहिल्यांदाच बोलला.

"तर तसं लिहायचं, काका. त्यासाठीच तर करून बघतोय."

थाननं त्याच्या पाठीवर थाप मारली. हा थान तोंडावर गोड माणूस. "ग्वानदादा, हे जमलं तर काहील बंद. केवढी कटकट वाचली तुमची! रात्री तीनला उठणं नको, धूर नको. यंत्रानं खुराक पडेल. तुम्ही आपलं वरच्या आळीत आरामात राहायचं, घर आहेच की."

"गरज सरो, वैद्य मरो," मी म्हणाले.

"तुमचं आपलं काहीतरीच, वहिनी," थान हसला.

ग्वान बुटांकडे बघत होता. त्रेसष्ट वर्षांचा माणूस, आणि वरच्या आळीत त्या हिवाळ्यात धूर निघणारी तीन घरं राहिली होती. काहील गेली तर खोली जाणार, खोली गेली तर हरणं जाणार, हे त्याला कुणी फोड करून सांगायची गरज नव्हती.

चौथ्या गोठ्यात आठ नर, त्यांना जुना खुराक आणि दूध. पाचव्या गोठ्यात तितकेच, त्याच वयाचे, त्यांना कमी पेंड, ते दाणे आणि दूध नाही. खायला घालणार ग्वानच, कारण शिंगं फुटल्यावर त्या गोठ्यांत दुसरं कुणी गेलं असतं तर अनर्थ झाला असता. फाटकान्या पाचव्यात आला. चिठ्ठ्या टाकून वाटणी झाली होती, कुणाचा इलाज नव्हता.

खरं सांगते, ते दोन-तीन महिने ग्वानचे बरे गेले. ल्वानला राहायला ऑफिसमागची खोली दिली होती. एप्रिलमध्येसुद्धा तिथं बादलीतल्या पाण्यावर बर्फाची साय धरायची. दुसऱ्याच दिवशी ग्वान म्हणाला, "पोरी, लिहायबिहायचं असेल तर माझ्या खांगवर बसत जा दिवसा. मी बाहेरच असतो." आणि त्यानं अख्खा खांग तापवला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. दुपारी ती दोघं तिथंच जेवायची, मक्याची लापशी, कांद्याची पात आणि सोयाबीनची खारट चटणी. मी पोतं घेऊन जाताना खिडकीतून आवाज यायचे.

"काका, फोन एवढ्या मोठ्यांदा का वाजतो तुमचा?"

"लांब असतो मी. ऐकू यायला हवा."

"पण येतो कुणाचा?"

"हवामान खात्याचा येतो की. उद्या वारा आहे म्हणे."

ती हसली, आणि तोही हसला. मी गाडी थांबवून उभी राहिले होते. त्याचं हसणं मी विसरलेच होते.

मे महिन्याच्या मध्यावर मी पाचव्या गोठ्याशी रिकामी पोती गोळा करत होते. सकाळचे साडेपाच. फाटकान्या भिंतीवरून नाक काढून माझ्याकडे बघत होता. त्याच्या नाकावर पांढरी साय वाळलेली होती.

एकोणीस वर्षं हरणांची तोंडं बघते आहे मी. कोरडा खुराक खाल्ला की नाकाला मक्याची पिवळी भुकटी लागते. साय लागते ती दुधाचीच.

मी तडक काहिलीपाशी गेले. ग्वान बादल्या विसळत होता.

"ग्वानदादा, पाचव्या गोठ्यात दूध कुणी घातलं?"

त्यानं बादली उपडी घातली. "मी."

"फार्मच्या सोयाबीनचं?"

"नाही. माझं आहे. वरच्या घराच्या परसात लावलं होतं गेल्या साली. फार्मचा एक दाणा घेतला नाही."

"दाण्यांचं कोण विचारतंय! अहो, त्या पोरीनं काय सांगितलंय? पाचव्यात दूध नाही म्हणजे नाही. त्यासाठीच तर सगळा खटाटोप."

"त्यांना पुरत नाही, वहिनी. गव्हाण चाटत बसतात. रंग निघेपर्यंत चाटतात. चौथ्यातून दुधाचा वास येतो, आणि हे आठ जण भिंतीला नाक लावून उभे राहतात. माझ्याकडे बघतात. मी रिकाम्या हातानं त्यांच्यासमोरून जाऊ कसा?"

मला राग आला, आणि राग आला की मला हिशेब लवकर सुचतो. "अहो, पण विचार केलात का? तुमच्या दुधानं यांची शिंगं चौथ्याच्या बरोबरीनं आली, तर नाव कुणाचं होणार? त्या सडक्या मुळ्याचं. थान म्हणेल, जमलं! उद्या काहील बंद, परवा तुम्ही वरच्या आळीत. स्वतःच्या हातानं स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेताय. गप्प बसलात तर शिंगं बारीक येतील आणि तुमची जागा राहील. एवढं साधं कळत नाही?"

"कळतं," तो म्हणाला.

"मग?"

"मग काय. भूक आज आहे. जागेचं जूनमध्ये बघू."

मी ल्वानला सांगायला हवं होतं. सांगितलं नाही. आपण बरं आणि आपलं काम बरं, असं स्वतःला समजावलं, आणि रोज सकाळी पाचव्या गोठ्यावरून जाताना मान दुसरीकडे वळवू लागले. त्या पोरीच्या दोन वर्षांच्या कामाचा आणि पदवीचा प्रश्न होता, हे मला माहीत होतं. त्याला तर माझ्याहून जास्त माहीत होतं, रोज एका ताटात जेवत होता तिच्याबरोबर.

जूनच्या अखेरीस कापणी झाली. नराला भुलीची सुई, मग करवत, मग कापलेल्या जागी भुकटी दाबून पट्टी. पाच मिनिटांत हरीण उठून उभं राहतं, डोकं हलकं झाल्यानं जरा भांबावतं. रक्त एका भांड्यात धरतात आणि ज्वारीच्या दारूत मिसळतात. पहिला पेला हरणवाल्याचा. ही शिंगं मी माझ्या हातानं वाढवली, अशी ती साक्ष असते. खोट्या हातानं पेला घेतला तर पुढच्या वर्षी शिंगं वाकडी येतात म्हणतात. थानसारखे हसतात या गोष्टीला, पण पेला भरताना त्यांचाही हात जरा जपूनच चालतो.

ल्वाननं वजनं केली. चौथ्या गोठ्याची जोडी सरासरी दोन किलो आठशे. पाचव्याची दोन किलो आठशे तीस. पोरगी वही छातीशी धरून नाचायचीच बाकी होती. "मावशी, तीस ग्रॅम जास्त! निम्म्या पेंडीवर!" थाननं टाळ्या वाजवल्या, पेला भरला आणि ग्वानपुढे धरला. "घ्या ग्वानदादा. यंदाचा पहिला पेला, तुमचा शेवटचा मान."

ग्वाननं पेला हातात घेतला. सगळे थांबलो, कारण त्याच्यानंतर आमची पाळी. त्यानं पेला ओठांपर्यंत नेला आणि तसाच परत खाली आणून टेबलावर ठेवला.

"मला हा घेता येणार नाही," तो म्हणाला. "पाचव्यात मी दूध घातलंय."

आधी कुणाला कळलंच नाही. थान म्हणाला, "कसलं दूध?" ल्वानला मात्र कळलं. तिच्या चेहऱ्यावरचं हसू जायला थोडा वेळ लागला, ते बघायला नको वाटत होतं.

"कधीपासून?" तिनं विचारलं.

"मेच्या अकरा तारखेपासून."

"रोज?"

"रोज. दोन किलो दाण्यांचं, आठांत मिळून. जून महिन्यात अडीच."

तिनं वही उघडली. अकरा मे शोधून काढली. त्या पानावर आडवी रेघ मारली, पान उलटलं, पुढच्या पानावर मारली. शांतपणे, पट्टी लावून. आम्ही दहा-बारा माणसं ते बघत उभे होतो आणि दारूवर माशा बसत होत्या. शेवटच्या पानापर्यंत पोचल्यावर तिला रडू फुटलं.

"काका, मला सांगायचं होतंत. त्याच दिवशी सांगितलं असतंत तर मी काहीतरी केलं असतं. मी तुमच्यासमोर बसून जेवत होते हो!"

"हो," ग्वान म्हणाला. "चुकलं माझं."

"मलाही ठाऊक होतं," मी म्हणाले. त्यावेळी ते बोलून काही उपयोग नव्हता. ती माझ्याकडे वळलीसुद्धा नाही.

ती त्याच दुपारच्या बसनं गेली. थाननं ग्वानला आठवडाभरात खोली रिकामी करायला सांगितली, आणि या वेळी गोड बोलला नाही. त्याच्या जागी स्वेई नावाचा शेजारच्या गावचा माणूस आला, चाळिशीचा, कामाला चांगला. ग्वान निघताना थाननं त्याचा निळा जाड कोट मागून घेतला. हरणवाला वर्षभर एकच कोट घालतो, धुतला तरी साबण लावत नाही. हरणं त्या कोटालाच ओळखतात. माणूस बदलायचा असेल तर नवा माणूस जुन्याचा कोट घालून आत जातो, म्हणजे ती बुजत नाहीत. ग्वाननं कोट उतरवून खुंटीला लावला, खिशातली मक्याची भुकटी झटकली आणि शर्टावरच वरच्या आळीला गेला. त्याचं सामान एका हातगाडीत मावलं. गाडी मीच ढकलली.

त्यानंतरचं वर्ष त्यानं कसं काढलं, ते मला तुकड्यातुकड्यांनी माहीत आहे. वरच्या आळीतून येणारी म्हातारी फू सांगायची की पहाटे तीनला त्याच्या घरात दिवा लागतो. उठतो, चूल पेटवतो आणि बसतो. करायला काही नसतं. हिवाळ्यात बर्फ पडला की आपल्या दारापासून फार्मच्या वळणापर्यंतची वाट झाडून काढायचा, आणि वळणावरून परत जायचा. त्या वाटेनं कुणी येत-जात नव्हतं. वसंतोत्सवाला मी नवऱ्याबरोबर च्याओझचा डबा पाठवला. नवरा परत येऊन म्हणाला, "अगं, त्यानं स्वतःच दोनशे करून बाहेर गोठवून ठेवलेत. एकटा माणूस, दोनशे!"

एप्रिलमध्ये तो मला बाजारात भेटला. टोफूच्या गाडीपाशी उभा, एक तुकडा घ्यावा की अर्धा, याचा विचार करत.

"ल्वान पोरगी परत आलीय," मी म्हणाले. "पहिल्यापासून सगळं पुन्हा करतेय. तेच दोन गोठे."

"माहीत आहे. स्वेई भेटला होता." मग इकडेतिकडे बघून हळू आवाजात म्हणाला, "या वर्षी कळेल, वहिनी. या वर्षी दूध नाही ना पाचव्यात. शिंगं बारीक येतील. बघाच तुम्ही."

"आणि आली म्हणजे?"

"म्हणजे कळेल की मी उगाच नव्हतो घालत." त्याचे डोळे चमकत होते. "थानलाही कळेल. त्या पोरीलाही कळेल, म्हाताऱ्यानं घात केला नव्हता, त्याला दिसत होतं ते. काहील परत पेटवावी लागेल, आणि काहिलीला माणूस लागतो. स्वेईला तीन उकळ्यांचं काही कळत नाही."

त्याला या एकाच गोष्टीनं वर्षभर उभं धरलं होतं, हे मला तिथं टोफूच्या गाडीपाशी कळलं. मी शेडमध्ये रोज पाचव्या गोठ्याचा खुराक मिसळत होते. पाचव्यातली हरणं मला दिसत होती. त्यांची कातडी चकचकीत होती. मी त्याला काही सांगितलं नाही, टोफू सगळा घ्या म्हणाले, उरला तर मला द्या.

कापणीच्या दिवशी त्याला ल्वाननंच बोलावलं. आदल्या संध्याकाळी फोन केला. म्हणाली, "काका, या बघायला." एवढंच. तो सकाळी सहालाच आला, दाढी करून, तालुक्याच्या बाजारातून घेतलेलं नवं तपकिरी जाकीट घालून. सरळ पाचव्या गोठ्याकडे गेला. कोपऱ्यावर थांबून खोकला. मग हाक मारली, बत्तीस वर्षं मारायचा तशी, आणि भिंतीपाशी जाऊन उभा राहिला.

आठही माना वर झाल्या. फाटकान्या सगळ्यात पुढे होता. त्यानं ग्वानकडे बघितलं, म्हणजे त्या जाकिटाकडे बघितलं, आणि पुढचा पाय जमिनीवर आपटला. परका माणूस दिसला की हरीण तसा पाय आपटतं. दुसऱ्याच क्षणी आठही जण पलीकडच्या भिंतीकडे उधळले. तिकडून स्वेई निळ्या कोटात आत येत होता. ती त्याच्या मागे जाऊन दाटीवाटीनं उभी राहिली.

"अहो, लांब व्हा तिथून!" थान ओरडला. "शिंगं मोडतील ना!"

ग्वान लांब झाला. माझ्या शेडच्या पायरीवर येऊन बसला आणि दुपारपर्यंत तिथून हलला नाही. मी पाणी दिलं, ते प्यायला. एकेक करवतीचा आवाज आला की मनातल्या मनात मोजत असावा, बोटं हलत होती.

ल्वान वही घेऊन आली तेव्हा तिच्या तोंडावर हसू नव्हतं. ती त्याच्यासमोर उकिडवी बसली.

"काका, चौथा दोन किलो आठशे साठ. पाचवा दोन किलो आठशे पन्नास."

तो म्हणाला, "पोरी, कुणी चुकून दूध घातलं नाही ना? स्वेईनं?"

"नाही काका. दोन्ही गोठ्यांवर कॅमेरे होते. मी रोज बघितलंय."

"म्हणजे गेल्या वर्षी..."

"गेल्या वर्षीही लागलं नसतं." तिनं हे अगदी हळू आवाजात सांगितलं. "ते दाणे पुरे होते त्यांना."

"पण चाटत होती की ती. गव्हाण चाटत होती. रंग निघेपर्यंत."

"हरणं चाटतातच, काका. चौथ्यातलीही चाटतात, दूध पिऊनसुद्धा. तुम्ही पाचव्यात जास्त वेळ उभे राहत होता, म्हणून तुम्हाला तिथं दिसलं."

ग्वाननं मान हलवली. एकदा, मग पुन्हा एकदा. "पोट भरलेलं होतं म्हणजे त्यांचं."

"हो, काका."

"बरं झालं," तो म्हणाला. "बरं झालं, पोरी. तुझं काम झालं." त्यानं तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि उठला. ती त्याला जेवायला थांबा म्हणत होती. तो नको नको म्हणत फाटकाकडे चालू लागला. मी मागोमाग गेले.

फाटकाबाहेर, स्वेईच्या ट्रॅक्टरजवळ, तो थांबला. माझ्याकडे वळला.

"त्यांना काही कमी नव्हतं, वहिनी," तो म्हणाला. "मलाच होतं."

आणि भर रस्त्यात, दुपारच्या उन्हात, तोंडावर हात न घेता तो रडायला लागला. मला त्याला जवळ घ्यावंसं वाटलं, निदान खांद्यावर हात तरी ठेवावासा वाटला. पण फाटकाशी सहा माणसं पेले हातात घेऊन बघत उभी होती, माझा नवरा दालियानला होता, आणि आमचं गाव लहान आहे. मी दोन पावलं लांब उभी राहिले, तो थांबेपर्यंत. मग तो बाहीनं तोंड पुसून वरच्या आळीच्या वाटेला लागला, आणि मी त्याला एकट्याला जाऊ दिलं.